सर्वानुमते मंजूर

"वहिनी, हिरव्या भरायच्या का लाल, तेवढं सांगा. कासाराला निरोप द्यायचाय."

सरपंच संग्राम आमच्या सोप्यात लोखंडी खुर्चीवर पाय पसरून बसला होता. मागं ग्रामपंचायतीचे दोन मेंबर उभे होते. मी नुकतीच दूध संकलन केंद्रावरून आले होते. चहा टाकायला आत वळले होते, ती तिथंच थांबले.

"कुणाला भरायच्या?" मी विचारलं.

"तुम्हालाच की." तो हसला. "ग्रामसभेत ठराव झाला. विधवा प्रथा बंद. आता गावात कुणाचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, डोरलं काढायचं नाही. आणि ज्यांचं काढलंय त्यांना सन्मानानं परत द्यायचं. रविवारी मोठा कार्यक्रम ठेवलाय. जिल्ह्याहून मॅडम येणार, पेपरवाले येणार. पहिला मान तुमचा."

"माझा का?"

"तुम्ही बारावी शिकलेल्या. केंद्रावर मशीन चालवता. चार लोकांसमोर उभं राहायला धीट बाई पाहिजे. आणि जरा..." तो थांबला. मागचा एक मेंबर म्हणाला, "फोटोत बरं दिसायला पाहिजे."

"ग्रामसभेला मला कुणी बोलावलं नव्हतं."

"ग्रुपवर मेसेज टाकला होता."

"गावच्या ग्रुपवर बायका नाहीत, भाऊजी."

"महिलांच्या वतीनं आक्का होत्या ना," दुसरा मेंबर घाईनं म्हणाला. "सर्वानुमते मंजूर झाला ठराव. एक माणूस विरोधात नव्हता."

"मला नको," मी म्हणाले.

संग्रामच्या चेहऱ्यावर राग आला नाही. उलट त्याला माझी दया आली. आवाज खाली आणून तो म्हणाला, "वहिनी, घाबरू नका. कोण काय म्हणेल याचा विचार सोडा. नाव ठेवणाऱ्याला दंड लावलाय आपण. सगळं गाव तुमच्या पाठीशी आहे."

"मला कुणाची भीती नाही. मला नको, एवढंच."

"मग अडचण काय?"

उंबऱ्यावर माझा दीर जालिंदर उभा होता. तो म्हणाला, "येतील त्या. तुम्ही हिरव्या सांगा कासाराला."

माझ्या देखत, माझ्याऐवजी हो म्हणायची त्या घरात रीतच होती. संग्राम चहा न घेता उठला. जाताना त्यानं मला हात जोडले. याआधी त्यानं मला कधी हात जोडले नव्हते.

ही गोष्ट कृष्णाकाठच्या आमच्या गावातली. तेव्हा माझा नवरा रावसाहेब जाऊन चार वर्षं झाली होती. बाजाराच्या दिवशी मोटरसायकलसकट तो कॅनॉलमध्ये पडला होता. मुलगी मुक्ता, मी, दीर आणि जाऊ छाया, एकाच घरात चुली वेगळ्या करून राहत होतो. सकाळ-संध्याकाळ मी दूध केंद्रावर फॅट बघायचे. केंद्राचा चेअरमन संग्रामच.

आणि आक्का म्हणजे संग्रामची आई. कुणाची सून माहेरी का बसली, कुणाच्या पोरीचं पाऊल कुठं वाकडं पडलं, याचा निकाल आक्कांच्या ओसरीवर लागायचा. त्या स्वतः अगदी पोरसवदा असताना विधवा झालेल्या. तेव्हापासून कपाळ मोकळं, हात मोकळे, अंगावर पांढऱ्यातली साडी. गावात कुणाचा नवरा गेला की आक्कांना बोलावणं जायचं, कारण पुढचं काम सवाष्णीनं करायचं नसतं.

माझंही त्यांनीच केलं. दहाव्याला नदीवर त्यांनी माझे दोन्ही हात दगडावर ठेवले आणि दुसऱ्या दगडानं बांगड्या फोडल्या. ओलं बोट कपाळावरनं फिरवलं. डोरल्याची गाठ सुटेना, तेव्हा ते ओढून तोडलं. मानेला चर्रकन ओरखडा उठला. भोवती गावातल्या बायका गोलाकार उभ्या होत्या, आणि सगळ्या माझ्या डोळ्यांकडं बघत होत्या.

"रड गं," आक्का दबक्या आवाजात म्हणाल्या. "लोकं बघत्यात."

मला रडू आलं नाही.

त्याचा बोभाटा वर्षभर झाला. बाईच्या डोळ्यात टिपूस नव्हतं. पुढं माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं. तिथं सगळ्यांनी आग्रह केला म्हणून मी एक बारीकशी मरून टिकली लावली आणि परतीच्या प्रवासात ती काढायची राहून गेली. एसटीतून उतरले तर स्टँडवर आक्का. त्यांनी भर रस्त्यात माझी हनुवटी धरली आणि अंगठ्यानं टिकली खरवडून काढली. "मेलेल्या नवऱ्याची तरी लाज धर. कुणासाठी नटतीस?" पानपट्टीवर उभी असलेली माणसं हसली. संग्रामही त्यांच्यात होता. तो हसला नाही, पण बोललाही नाही. त्या महिन्यात बचत गटाच्या बायकांनी मला हळदीकुंकवाचं आमंत्रण दिलं नाही. केंद्रावर नवीन मशीन आलं तेव्हा मला जरा वेळ बाहेर थांबायला सांगितलं, पूजा उरकेपर्यंत. मग आत बोलावलं, कारण ते मशीन चालवता मलाच येत होतं.

तेव्हा एवढीशी टिकली लावणं पाप होतं. आता न लावणं पाप होऊ घातलं होतं. मधल्या काळात झालं काय, तर दुसऱ्या कुठल्याशा गावानं असा ठराव केला, त्यांचे फोटो छापून आले, त्यांना फेटे बांधले गेले, आणि ते बघून आमच्या गावाला जाग आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आक्का स्वतः आल्या. माझ्या दारात त्या कधी येत नसत. जोत्यावर बसून त्यांनी पाणी मागितलं, प्याल्या, आणि तांब्या खाली ठेवत म्हणाल्या, "काय नाटक लावलंयस?"

"नाटक तुमच्या घरचं आहे, आक्का. मांडव तुम्ही घातलाय."

"जीभ लई लांब झाली. माझं पोरगं तुमच्यासाठनं धडपडतंय, आन् तू नगं म्हंतीस?"

"माझी टिकली तुम्ही स्टँडवर पुसली होती. आठवतं?"

"आठवतंय की."

"तेव्हा ते पाप होतं ना?"

"तवा व्हतं."

"आणि आता?"

"आता न्हाई. ठराव झालाय."

"पाप काय हात वर करून ठरतं?"

मला वाटलं, आता भडकतील. पण आक्का शांतपणे म्हणाल्या, "मग कशानं ठरतंय? तवा काय देव येऊन सांगून गेला व्हता? सासवांनी सांगितलं ते आमी केलं. आता पोरं सांगत्यात, ते करायचं. मला कुणी इचारलं व्हतं का, माझ्या बांगड्या फोडताना? कुणी इचारलं का, दुसऱ्याच्या फोडतीस का म्हणून? हात पुढं केला की हातात दगड येतो. आता बांगड्या येणार. दगडापरीस बऱ्या."

माझा राग त्यांच्यावर होता आणि त्या माझ्यापुढं अशा उघड्या होऊन बसल्या होत्या, की तो कुठं टाकावा कळेना. मग मी विचारलं, "रविवारी तुम्ही भरणार का? स्वतःच्या हातात?"

"माझं काय आता. हाडं राहिली." त्यांनी हात पदराखाली घेतले. "मी भरायची तुमाला. संग्राम म्हंतो, जिनं फोडल्या तिनंच भरल्या, असं लोकांस्नी दिसाय पायजे."

त्या उठल्या. उठताना त्यांची नजर माझ्या उजव्या हातावर गेली आणि तिथंच राहिली.

"दुखतो का अजून?"

"थंडीत दुखतो."

त्यांनी मान हलवली. अंगणातून पुढं गेल्या, मग वळून, जणू हेही सांगायला पाठवलं होतं म्हणून सांगावं तसं म्हणाल्या, "रविवारी ये बाई. न्हाईतर केंद्रावरचं तुझं काम ऱ्हात न्हाई. संग्राम तोंडानं बोलायचा न्हाई, पण मला म्हाईत हाय."

संध्याकाळी मुक्ता माझ्याशेजारी बसून भाकरी भाजत होती. ती तेव्हा नववीत होती. तव्यावरची भाकरी उलटून तिनं विचारलं, "आई, तुला घालायचंय का ते?"

सगळ्या गावात हा प्रश्न तिनं एकटीनं विचारला.

"नाही."

"का नको, ते सांगितलंस त्यांना?"

"ते कसं सांगायचं?"

"मला माहीत असलेलंच सांगायचं," ती म्हणाली आणि विस्तवावर भाकरी टेकवली. ती टम्म फुगली, तशी मी ती टोपलीत टाकली.

रविवारी शाळेच्या पटांगणात मांडव होता. स्टेजवर मागं मोठा फलक, त्यावर संग्रामचा हात जोडलेला फोटो आणि खाली एका बाईच्या कपाळावर कुंकू लावणारं बोट. पुढं सोफे. डाव्या बाजूला पुरुष, उजव्या बाजूला बायका. आम्ही सात-आठ विधवा पहिल्या रांगेत. सगळ्यांना पंचायतीनं एकसारख्या हिरव्या साड्या दिल्या होत्या. मी माझी निळी नेसून गेले होते. छाया माझ्या कानात पुटपुटली, "निदान आज तरी शोभा करू नका."

भाषणं झाली. मॅडम चांगलं बोलल्या, खरंच चांगलं. स्त्रीचा सन्मान, माणुसकी, जुन्या बेड्या. त्यांना आमच्याबद्दल काही माहीत नव्हतं, पण त्यांचा आवाज खोटा नव्हता. संग्राम उठला आणि म्हणाला, "आमच्या गावानं आज स्त्रीला माणूस म्हणून मान्यता दिली." टाळ्या झाल्या.

माझं नाव पुकारलं. श्रीमती वैजयंता रावसाहेब मगदूम. मी वर गेले. एका ताटात कुंकू, हिरव्या बांगड्या आणि काळ्या मण्यांचं नवं डोरलं होतं. आक्का ताटाशी उभ्या होत्या. फोटोवाले पुढं सरकले.

"आधी बांगड्या," संग्राम हळूच म्हणाला. "हळूहळू भरा आक्का, फोटो नीट येऊ दे."

आक्कांनी माझा डावा हात घेतला. चार बांगड्या सरसर चढल्या. टाळ्या. मी उभी राहिले. खरं सांगायचं तर तेवढ्यावर सोडून दिलं असतं, तर मी तशीच उभी राहिले असते. मुक्ताची शाळा होती, केंद्रावरचं काम होतं. बांगड्या काय, घरी जाऊन काढल्या असत्या.

मग त्यांनी उजवा हात घेतला. बांगडी बोटांवरून गेली आणि अंगठ्याच्या मुळाशी अडकली. आक्कांनी दाबून बघितलं. त्या तळहात मिटवून बघू लागल्या, पण माझा तळहात पुरता मिटत नव्हता. तिथलं हाड वर आलेलं होतं. कासाराला ते ठाऊक होतं. माझ्या दोन हातांची दोन मापं तो वेगळी ठेवायचा. संग्रामनं त्याला विचारलंच नसणार.

"चढत न्हाई," आक्का पुटपुटल्या.

"जरा जोर लावा की," संग्राम तोंडावरचं हसू न हलवता म्हणाला. "सगळे बघतायत."

आक्कांनी जोर लावला. बांगडी फुटली आणि काच अंगठ्याखाली घुसली. थोडंसं रक्त आलं, फार नाही. मॅडम घाईनं पुढं आल्या. "अरे बापरे, लागलं का? हाताला काय झालंय तुमच्या?"

"जिन्यावरून पडल्या होत्या त्या," खालून जालिंदर मोठ्यानं म्हणाला. "लई वर्षं झाली."

"हो, जुनं आहे ते," संग्राम म्हणाला. "ते राहू दे. डोरलं घाला, आक्का."

आक्कांनी ताटातून डोरलं उचललं. काळे मणी, मधे दोन वाट्या. ते माझ्या गळ्याशी आलं आणि मी त्यांचं मनगट धरलं.

"हे नको."

"वैजे, घाल गप," आक्का हळू म्हणाल्या.

"नको म्हणाले मी." तो आवाज माइकमधून सगळ्या पटांगणात गेला.

संग्रामनं माइक स्वतःकडं घेतला. "आमच्या वहिनी भावनाविवश झाल्यात. साहजिक आहे. जुन्या विचारांचा पगडा एका दिवसात जात नाही..."

मी त्याच्या हातातला माइक घेतला. ओढून घेतला.

"जुन्या विचारांचा नाही," मी म्हणाले. "आमच्या घराला जिना नाही. ज्यांना माहीत नसेल त्यांनी बघून यावं. आमचं घर एकमजली आहे."

मी उजवा हात सगळ्यांपुढं धरला.

"हा हात खोऱ्याच्या दांड्यानं मोडलाय. ज्यानं मोडला त्याच्या नावाचं हे डोरलं आहे. तुम्ही मला परत देताय ते हे. लग्न झाल्यापासून तो मरेपर्यंत मी मार खाल्ला. पट्ट्यानं, चपलेनं, दांड्यानं, जे हाताला येईल त्यानं. दहाव्याला तुम्ही माझं डोरलं तोडलंत, तेव्हा मला रडू आलं नाही म्हणून वर्षभर मला नावं ठेवली. मला रडू कसं येईल? त्या दिवशी माझ्या गळ्यावरचं ओझं उतरलं होतं. माझ्यासाठी गावानं केलेली तेवढी एकच चांगली गोष्ट होती, आणि तीसुद्धा तुम्ही मला शिक्षा म्हणून केलीत!"

"वहिनी!" संग्रामचं हसू आता गेलं होतं. "मेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये. आपली संस्कृती..."

"संस्कृती कुठली, भाऊजी? ती, जिच्यात टिकली लावली की मी छिनाल, की ती, जिच्यात टिकली लावली नाही की मी मागासलेली? दोन्हींत त्याचा दांडा चालतो ना? त्यावर नाही तुम्ही कधी ठराव केला. ते तेव्हाही घरातलं होतं आणि आजही घरातलंच आहे."

पुरुषांतून कुणीतरी ओरडलं, "खाली उतरवा तिला!" दुसरा म्हणाला, "चारचौघांत घरची अब्रू काढती." बायकांच्या बाजूनं एक शब्द आला नाही. मी त्यांच्याकडं बघितलं. भिंतीला भिंत लागून घरं आमची. चुलीवर कुणाच्या दुधाला उकळी आली तरी तीन घरांना वास जातो.

"तुम्ही सगळ्यांनी हात वर करून ठराव केलात ना? मग आता आणखी एकदा करा," मी म्हणाले. "माझं ओरडणं ज्यांनी ज्यांनी ऐकलं होतं, त्यांनी हात वर करा."

एक हात वर गेला नाही. पहिल्या रांगेतल्या हिरव्या साड्या मांडीकडं बघत बसल्या. छायानं पदर तोंडाला लावला. तिची आणि माझी भिंत एकच होती.

मग माझ्याशेजारी काहीतरी हललं. आक्कांचा हात वर जात होता. त्यात ते डोरलं अजून लोंबत होतं. खांद्यापर्यंत गेला असेल. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं, तर त्या कुणाकडेच बघत नव्हत्या.

संग्रामनं तो हात धरून खाली आणला. अगदी मायेनं, आईला चक्कर येत असावी तसा. "आक्का, बसा तुम्ही. ऊन लागलंय तुम्हाला." त्यानं डोरलं त्यांच्या मुठीतून सोडवून ताटात ठेवलं आणि पुढच्या बाईचं नाव पुकारलं. सनईची टेप मोठी केली गेली. मॅडम माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "आपण यावर नक्की बोलू, ताई. पण आजचं व्यासपीठ त्यासाठी नाहीये." पुढची बाई वर आली. तिला बांगड्या चढल्या, डोरलं चढलं, टाळ्या पडल्या. मी पायऱ्या उतरून मागच्या फाटकातून बाहेर आले. मुक्ता तिथं उभी होती. तिनं माझा हात धुतला, काच काढली, आणि तिच्या ओढणीनं बांधला.

ज्या संध्याकाळी हात मोडला, त्या संध्याकाळी मी पळत आक्कांच्या दारात गेले होते. गावात दुसरं कुठं जाणार? त्यांनी मला आत घेतलं. आंबेहळद उगाळून लावली, जुन्या लुगड्याच्या पट्टीनं हात बांधला, ऊन दूध पाजलं. मी म्हणाले, मला आजची रात्र इथं राहू द्या. तर म्हणाल्या, "बाईच्या जातीनं घर सोडून ऱ्हाऊ न्हाई. जिन्यावरनं पडली असं सांग." मी म्हणाले, आमच्याकडं जिना नाही. त्या म्हणाल्या, "कुणी इचारत न्हाई."

कुणी विचारलं नाही, हे खरं.

पेपरात दुसऱ्या दिवशी मोठा फोटो आला, दुसऱ्याच बाईचा. बातमीत माझ्यावर एक ओळ होती, की एका महिलेला अश्रू अनावर झाले. मला अश्रू कुठं आले होते? दहाव्याला आले नाहीत म्हणून मी वाईट होते, स्टेजवर आले नाहीत तरी त्यांनी ते छापून घेतले.

त्या आठवड्यात केंद्रावर दुसरी बाई आली. तिला मशीन येत नव्हतं, तरी आली. जालिंदरनं पंचायत भरवून सांगितलं की या बाईनं माझ्या मेलेल्या भावाची बदनामी केली, तिच्याशी आमचा संबंध नाही. ठरावाचं कौतुक सांगत फिरणारेच त्यात सगळ्यात पुढं होते. कुणी माझ्याशी बोलेना, गिरणीत माझं पीठ शेवटी दळायचं. उन्हाळा लागताच मी मुक्ताला घेऊन तालुक्याला आले. एका खासगी डेअरीत काम मिळालं, बाजारपेठेमागं दोन खोल्या मिळाल्या. गावाला पुढं पुरस्कार मिळाला असं ऐकलं.

आक्का मला पुन्हा भेटल्या नाहीत. त्या वारल्या, तेव्हा मातीला मी गेले नाही. लोक म्हणतात, अखेर त्या बाईनं हात तरी वर केला. केला, मी बघितला. पण हात मोडलेल्या संध्याकाळी मला ओसरीवर एक गोधडी पाहिजे होती. तेवढं त्यांच्याकडं होतं आणि ते त्यांनी दिलं नाही. ते मी विसरत नाही. संग्रामचा मला राग येतोच. पण तो हात धरून खाली आणताना त्याच्या तोंडावर जी माया होती, तिचा जास्त येतो. त्या मायेनंच या गावात सगळं चालतं.

ही गोष्ट संपली असं मला वाटलं होतं. मुक्ता नर्सिंगला गेली, मी एकटी राहायला लागले. परवा परवा संध्याकाळी फोन आला. अनोळखी नंबर, तरुण आवाज.

"काकी, मी तुमच्या गावची. डेअरीतून तुमचा नंबर मिळाला. तुम्ही मला ओळखणार नाही. मी तेव्हा नवीन लग्न होऊन आले होते."

"बोल."

"त्या दिवशी शाळेत तुम्ही हात वर करायला सांगितला होता ना. मी बायकांत होते. तुमचं ओरडणं मी ऐकलं नव्हतं, तेव्हा मी नव्हते गावात. पण दुसऱ्या घरातलं ऐकत होते." ती थांबली. मागं गाड्यांचे हॉर्न वाजत होते. "आता माझं ऐकू जातंय, काकी. कुणी विचारत नाही."

किती वर्षं झाली त्या कार्यक्रमाला, गावाच्या कमानीवर पुरस्काराची पाटी आहे, आणि त्या घरांच्या भिंती अजून तशाच बहिऱ्या! मला फोन फेकून द्यावासा वाटला. ओरडावंसं वाटलं. तिच्यावर नाही.

"कुठं आहेस आता?" मी विचारलं.

"तालुक्याच्या स्टँडवर. पोरगी आहे कडेवर. पुढं कुठं जायचं ठरवलं नाही."

"कंट्रोलरच्या केबिनपाशी उजेडात उभी राहा," मी म्हणाले. "कुणी नेऊ लागलं तर मोठ्यानं ओरड. मी निघालेच."

आणि मी चपला घातल्या.